चौथ्या दिवशी कोण बघणार? नेपाळमधल्या दंतशिबिराला स्वयंसेवक म्हणून जाताना

दाढ काढल्यावर खरी परीक्षा त्या दिवशी नसते. भूल उतरते, थोडं ठणकतं, गोळी घेऊन माणूस झोपतो. पण खड्ड्यातली रक्ताची गुठळी निसटली तर दोन-तीन दिवसांनी दुखणं उफाळतं, आणि चौथ्या दिवशी कानापर्यंत कळा जायला लागतात. यालाच आम्ही ड्राय सॉकेट म्हणतो. दवाखान्यात असा पेशंट आला तर खड्डा धुवायचा, औषधाची पट्टी ठेवायची, दहा मिनिटांत काम होतं. परदेशातल्या शिबिरात मात्र चौथ्या दिवशी डॉक्टर बहुतेक वेळा विमानतळावर असतात.

शिबिराची सगळी आखणी या चौथ्या दिवसापासून उलटी करत यावी असं माझं मत आहे. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलंय.

मी रत्नागिरी जिल्ह्यात दवाखाना चालवते. आमच्याकडे हापूसच्या बागा राखायला नेपाळी माणसं येतात. दिवाळीनंतर येतात, फवारणी, राखण, काढणी, पेट्या भरणं असं सगळं करून पावसाच्या तोंडावर परत जातात. दर मार्चमध्ये त्यातला कुणीतरी गाल सुजवून दवाखान्याच्या पायरीवर बसलेला असतो. डोटी जिल्ह्यातला एक जण म्हणाला होता, "ताई, आताच काढून टाका. गावी दाढ काढायची तर एक दिवस उतरायला, एक दिवस चढायला." त्याच्या या वाक्यामुळे मी पहिल्यांदा नेपाळच्या सुदूरपश्चिम प्रदेशात गेले. आतापर्यंत तीन वेळा जाऊन आले. पहिल्या खेपेला केलेल्या चुकाही खाली आहेत.

आधी विचारायचे प्रश्न

शिबिरं भरवणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. ग्लोबल डेंटल रिलीफ ही अमेरिकेतली संस्था २००१ पासून नेपाळमध्ये मुलांच्या दातांवर काम करते. तिचं काम कंबोडिया, ग्वाटेमाला आणि केनियातही चालतं, आणि दंतवैद्य नसलेल्या स्वयंसेवकांनाही ती घेते. याशिवाय रोटरी क्लब, देवस्थानं, दंत महाविद्यालयं यांची लहानमोठी शिबिरं होतच असतात. मोठं नाव म्हणजे चांगलं काम, असं समजून चालू नका. फोन करून चार गोष्टी विचारा.

त्याच गावात तुम्ही पुन्हा कधी जाणार? शिबिर संपल्यावर पेशंटनं कुठे जायचं? तिथल्या पालिकेची आणि आरोग्य चौकीची लेखी संमती आहे का? नेपाळी डॉक्टर सोबत असतील का?

"आम्ही दरवर्षी नवीन जिल्हा घेतो" असं उत्तर अभिमानाने आलं तर मी त्या संस्थेबरोबर जात नाही. दरवर्षी नवं गाव घ्यायचं म्हणजे दरवर्षी मागे सोडलेला एक चौथा दिवस.

खर्च तुमचाच असतो: प्रवास, राहणं, जेवण आणि सामानातला वाटा. हिशेब लेखी मागा. चांगल्या संस्था बिनदिक्कत देतात.

डेंटिस्ट नसाल तरी तुमची गरज असते, आणि ती वाटते त्याहून जास्त. नोंदणीच्या टेबलावर नाव-वय-वजन लिहिणारा, बॅटरी धरणारा, हत्यारं घासून धुणारा, रडणाऱ्या पोराला मांडीवर घेणारा माणूस नसेल तर दोन डॉक्टर मिळून एकाचंच काम करतात. दुसऱ्या शिबिरात आमच्या निर्जंतुकीकरणाच्या टेबलावर एक निवृत्त बँक कॅशियर होते. स्वच्छ हत्यारांचा संच आणि वापरलेला संच यांची गल्लत त्यांनी पाच दिवसांत एकदाही होऊ दिली नाही. नोटा मोजण्याची सवय, दुसरं काय!

दंत महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसाठी एक कडक नियम: जे काम इथे तुम्हाला देखरेखीशिवाय करू देत नाहीत, ते तिथेही करायचं नाही. गरीब माणसाचा जबडा ही हात बसवण्याची जागा नाही. अशी प्रलोभनं दाखवणारी शिबिरं असतात, त्यांच्यापासून लांब राहा.

आठ महिने आधी: लस आणि कागद

नोव्हेंबरात जायचं असेल तर मार्चमध्ये कामाला लागा. कारण साधं आहे. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस असतात, आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. डॉक्टरांनी ती कॉलेजातच घेतलेली असते, पण सोबत येणाऱ्या स्वयंसेवकांची राहिलेली असते, आणि हत्यारं तेच धुतात. डोस पूर्ण झाल्यावर एक-दोन महिन्यांनी रक्तातली अँटीबॉडी तपासून घ्या, १० (mIU/ml) किंवा त्याहून जास्त असायला हवी. धनुर्वाताची लस, टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए यांबद्दल आपल्या फॅमिली डॉक्टरांना विचारा.

भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. १५ ते ६५ वयोगटातल्या माणसाचं आधार कार्डावर भागत नाही. आमच्यातल्या एकाला मुंबई विमानतळावरून परत फिरावं लागलं होतं.

मात्र व्हिसा लागत नाही म्हणून उपचारही परवान्याशिवाय करता येतात, असा समज करून घेऊ नका. आपल्याकडचे बरेच डॉक्टर हीच गफलत करतात. परदेशी डॉक्टर आणि दंतवैद्य यांना नेपाळमध्ये पेशंटवर हात ठेवण्याआधी नेपाल मेडिकल काउन्सिलकडे तात्पुरती नोंदणी करावी लागते, शिबिर फुकट असलं तरीही. अर्ज यजमान संस्थेमार्फत जातो. त्यासाठी पदवी, आपली नोंदणी आणि गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (तुमच्याविरुद्ध कारवाई नसल्याचा दाखला) लागेल असं धरून चाला. ते सर्टिफिकेट महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडून मिळवायला वेळ लागतो, म्हणून पहिला अर्ज तिथे टाका. बाकी यादी यजमानांकडून लेखी मागवा, नियम बदलत असतात.

आणखी एक कागद लोक विसरतात तो विम्याचा. तुमच्या व्यावसायिक विम्यात अधिकारक्षेत्राची ओळ असते, तिथे फक्त भारत लिहिलेलं असू शकतं. कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. स्वतःसाठी प्रवास विमाही घ्या. डोंगरातून उतरवून आणण्याचा खर्च त्यात धरलाय का, ते वाचा.

कधी जायचं, कसं पोचायचं

जून ते सप्टेंबर नको. दरडी कोसळतात, रस्ते दोन-दोन दिवस बंद राहतात. दसैं म्हणजे त्यांचा दसरा आणि तिहार म्हणजे दिवाळी, या दिवसांतही नको, तेव्हा कुणी दात दाखवायला येत नाही. तिहारनंतरचे तीन-चार आठवडे आम्हाला सोयीचे पडले. हवा स्वच्छ असते आणि शाळा सुरू असतात. मात्र तोवर पुरुष मंडळी कामासाठी भारतात परतायला लागलेली असतात, त्यामुळे रांगेत बायका, म्हातारी माणसं आणि पोरंच जास्त दिसतात. सामान त्या अंदाजाने बांधा. मुलांच्या मापाचे फोर्सेप्स, म्हणजे दात काढायचे चिमटे, आम्हाला पहिल्या वेळी कमी पडले होते.

सुदूरपश्चिमेला जायचं तर काठमांडूहून धनगढीचं विमान घ्या, नाहीतर दिल्लीहून सीमेवरचं बनबसा गाठून महाकाली नदी ओलांडा. पलीकडे महेंद्रनगर, तिथून अत्तरिया. अत्तरियाहून रस्ता वर चढतो आणि डडेलधुरामार्गे डोटीत दिपायलला जातो. घाटातून येणाऱ्या आम्हा कोकणी माणसांनाही तो पोटात गोळा आणतो. गाडी लागत असेल तर गोळी आधी घ्या.

घड्याळ १५ मिनिटं पुढे करा. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी होतात. भारतीय नोटा नेणार असाल तर शंभरच्या आणि त्याखालच्या ठेवा, मोठ्या नोटांवरून वाद होतो. आपले प्लग तिथे चालतात. आम्ही गेलो तेव्हा साप्ताहिक सुट्टी शनिवारची होती, म्हणून शाळेतलं शिबिर रविवारी ठेवायला हरकत नव्हती. हे आम्हाला तिथे पोचल्यावर कळलं.

कोणतं काम घ्यायचं, कोणतं नाही

तंबूत किंवा शाळेच्या वर्गात काय शक्य आहे, यावर जागतिक पातळीवर बराच विचार झालेला आहे. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने मूलभूत मौखिक उपचारांचा एक छोटा संच मांडला गेला. त्याचे तीन भाग आहेत: दुखणं थांबवणारा तातडीचा उपचार, परवडणारी फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट, आणि एआरटी पद्धतीने दात भरणं. शिबिराचा आराखडा याच तीन भागांवर उभा करा.

एआरटी ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्याला टांझानियात आकाराला आली. तिला वीज, ड्रिल, पाण्याचा फवारा यांतलं काहीच लागत नाही. किडलेला मऊ भाग हातातल्या हत्याराने खरवडायचा आणि पोकळी ग्लास आयोनोमर सिमेंटने भरायची. शहरात काम करणाऱ्यांना हे कमअस्सल वाटतं. मलाही वाटायचं. दुसऱ्या वर्षी त्याच शाळेत गेले तेव्हा मी भरलेल्या बऱ्याच दाढा शाबूत दिसल्या, आणि माझा सूर बदलला.

पायऱ्या अशा. दाताच्या दोन्ही बाजूंना कापसाचे रोल ठेवा, ओला झालेला रोल लगेच बदला. पोकळीचं तोंड अरुंद असेल तर हॅचेट या धारदार हत्याराने रुंद करा. एक्स्कॅव्हेटरने, म्हणजे चमच्यासारख्या टोकाच्या हत्याराने, आधी कडेची कीड पूर्ण काढा आणि मग तळाची. तळाशी मज्जा, म्हणजे दाताची नस, जवळ असेल तर थोडा चिवट भाग राहू द्या. सिमेंट नीट चिकटावं म्हणून कंडिशनर १० ते १५ सेकंद लावा, ओल्या कापसाने दोनदा पुसा, कोरडं करा. सिमेंट चकचकीत दिसतंय तोवरच आत गेलं पाहिजे, चमक गेली की ते चिकटत नाही. मग ग्लोव्हजच्या बोटाला व्हॅसलिन लावून अर्धा मिनिट दाबून धरा. बाहेर आलेलं जादा सिमेंट काढा, चावा तपासा, पुन्हा व्हॅसलिन लावा. तासभर काही खायचं नाही, हे मुलाला सांगू नका, त्याच्या आईला सांगा.

सिमेंट घट्ट मिसळलं जाणारं, एआरटीसाठी बनवलेलं घ्या. ते कालवणारा मदतनीस शिबिराआधी दवाखान्यात बसवून तयार करा. पावडर आणि द्रावण यांचं प्रमाण डोळ्यांनी ठरवणारा माणूस सगळ्या शिबिरावर पाणी फिरवतो.

दुधाच्या दातांत कीड असेल, पण दुखणं आणि पू नसेल, तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावा. ३८ टक्क्यांचं द्रावण छोट्या ब्रशने मिनिटभर लावायचं, की बहुतेक वेळा कीड तिथेच थांबते. फ्लोराइड टूथपेस्ट आणि ग्लास आयोनोमर यांच्याबरोबर हे द्रावणही २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. मात्र किडलेला भाग कायमचा काळा पडतो. आधी आईला काळ्या पडलेल्या दाताचा फोटो दाखवा, मग विचारा. पहिल्या खेपेला मी नुसतं तोंडी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी एक आजी नातीला घेऊन आल्या आणि विचारलं, "डॉक्टर साहेब, हिच्या दाताला डांबर का लावलं?" ओठांना व्हॅसलिन लावायला विसरू नका, कातडीलाही डाग पडतो आणि तो जायला आठवडाभर लागतो.

काय टाळायचं? हाडात रुतलेल्या अक्कलदाढेची शस्त्रक्रिया, दोन-तीन बैठकांची रूट कॅनाल, कवळ्या. दात भरायचं पाऱ्याचं अमाल्गम नेऊच नका. सरसकट सगळ्यांचे दात साफ करत बसू नका, त्यात दिवस जातो आणि ठणकणारी दाढ घेऊन आलेला माणूस संध्याकाळी तसाच डोंगर चढतो.

तंबाखू मात्र बघाच. खैनी तिथे घरोघर आहे. प्रत्येक मोठ्या माणसाचा गाल आणि जीभ उचलून बघायला अर्धा मिनिट लागतो. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवडे न भरलेला फोड, तोंड कमी उघडणं, यांतलं काही दिसलं तर चिठ्ठी द्या आणि ते नाव वेगळ्या वहीत लिहा.

सामान: काय न्यायचं, काय तिथेच घ्यायचं

औषधं आणि भूल देण्याची इंजेक्शनं बॅगेत कोंबून सीमा ओलांडू नका. नेपाळमध्ये औषधांची आयात औषध व्यवस्था विभागाच्या अखत्यारीत येते. कागद नसेल तर सीमाशुल्कवाले खोकी बाजूला काढून ठेवतात, आणि ते बरोबरच करतात. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडाझोल, लिग्नोकेन (भुलीचं औषध) हे सगळं यजमान संस्थेला नेपाळमध्येच विकत घ्यायला सांगा. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे तीच पाकिटं पुढे गावाजवळच्या औषधाच्या दुकानात पेशंटला ओळखता येतात.

हत्यारं आपली न्या, यादी तीन प्रतींत करा, आणि परत आणणार आहोत असं त्यावर लिहा. धारदार काहीही केबिन बॅगेत नको. हेडलॅम्पच्या आणि पॉवर बँकेच्या लिथियम बॅटऱ्या उलट केबिनमध्येच हव्यात, चेक-इनमध्ये चालत नाहीत. प्रत्येकाला एक हेडलॅम्प आणि त्याला एक जोड असा हिशेब ठेवा.

हत्यारांचे संच किती? दिवसाला ४० दात काढायचे असतील आणि ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाच्या वाफेने हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, दोन फेऱ्या होणार असतील तर किमान २० पूर्ण संच, शिवाय चार-पाच जादा. संच अपुरे असले की संध्याकाळी घाईत कुणीतरी "उकळून घेऊ या" म्हणतो. उकळणं म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. या वाक्यावर माझी सहकाऱ्यांशी भांडणं झाली आहेत आणि पुढेही होतील.

ऑटोक्लेव्ह आणि डोंगर

हे जरा सविस्तर लिहिते, कारण कुठल्याच शिबिराच्या माहितीपत्रकात मला हे वाचायला मिळालं नाही.

विजेचा भरवसा नसतो, म्हणून गॅसवर चालणारा, प्रेशर कुकरसारखा ऑटोक्लेव्ह न्या. समुद्रसपाटीला १५ पौंड दाबावर आतलं तापमान १२१ अंश होतं. हत्यारं कापडात गुंडाळलेली असतील तर त्या तापमानावर ३० मिनिटं ठेवायची. हे आपण पाठ केलेलं असतं. पण काट्यावरचा दाब बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजलेला असतो. उंचीवर बाहेरची हवाच विरळ असते, त्यामुळे काटा १५ दाखवत असला तरी आत १२१ अंश झालेले नसतात. ढोबळ हिशेब असा की दर हजार फुटांना अर्धा पौंड वाढवायचा. दिपायल सेती नदीच्या काठी खाली आहे, तिथे फार फरक पडत नाही. सिलगढीसारख्या चार हजार फुटांवरच्या गावात मात्र काटा १७ पर्यंत गेला पाहिजे.

तुमच्या यंत्राचा झडप-वजनाचा कमाल दाब १५ वरच बांधलेला असेल तर वजनाशी खेळ करू नका, फुटेल. वेळ वाढवा आणि प्रत्येक फेरीत, गठ्ठ्याच्या मध्यभागी, रासायनिक दर्शक पट्टी ठेवा. बाहेरून चिकटवलेल्या टेपवर विसंबू नका, ती फक्त गरम झाल्याचं सांगते. पट्टीचा रंग बदलला नाही तर तो गठ्ठा पुन्हा आत. आधी हवा पूर्ण बाहेर पडू द्या, वाफेची सरळ धार येईपर्यंत झडप उघडी ठेवा. सुकवायलाही वेळ धरा. सगळं मिळून एका फेरीला तास-सव्वा तास जातो.

सुया आणि ब्लेड जाड प्लॅस्टिकच्या डब्यात टाका. डबा पाऊण भरला की बंद. तो गावात पुरायचा नाही, जवळच्या रुग्णालयात द्यायचा. तसं आधी ठरवून घ्या. सुई टोचल्यास काय करायचं, हे पहिल्या दिवशी सकाळी सगळ्यांना तोंडपाठ करायला लावा: साबण-पाण्याने धुणं, नोंद, आणि एचआयव्ही प्रतिबंधक औषधं मिळतील अशा रुग्णालयात लगेच जाणं. ती शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांत सुरू व्हावी लागतात. ते रुग्णालय कुठलं आणि गाडी कुणाची, हे आधीच लिहून भिंतीवर लावा.

भाषा: ओळखीची, म्हणून फसवी

लिपी देवनागरी, पाट्या वाचता येतात, अर्ध्या लोकांना हिंदी येतं. मुंबई, पुण्यात आणि गोव्यात राहून आलेले कितीतरी जण भेटतात. एका म्हाताऱ्याने मला खुर्चीत बसता बसता "काय मॅडम, बरं हाय ना?" विचारलं. ठाण्याला वीस वर्षं वॉचमन होता. या सगळ्यामुळे दुभाषी नको असं वाटायला लागतं. चूक आहे.

पहिल्या दिवशी एक बाई म्हणाल्या, "गाला सुन्नियो." मी ऐकलं, गाल सुन्न झाला. बधिरता म्हणजे नस दबली असावी म्हणून मी टाचणीने टोचून बघत बसले. शेजारची अनमी, म्हणजे आपली एएनएम, हसायला लागली. सुन्निनु म्हणजे सुजणं. आणि भूल चढली का हे विचारायचं तर "ओठ लाटो भयो?" असं विचारतात. गिजा म्हणजे हिरडी, बंगारा म्हणजे दाढ. मुख खोल्नुस्, थुक्नुस्, दुख्यो भने हात उठाउनुस् एवढं पाठ करा. बायकांना वयाप्रमाणे आमा, दिदी किंवा बहिनी, आणि पुरुषांना बा, दाइ किंवा भाइ. नावाने हाक मारू नका.

वरची दाढ काढली की डोळ्यावर परिणाम होतो, ही समजूत आपल्यासारखीच तिथेही आहे. टिंगल न करता दोन मिनिटं द्या.

शिबिराचा दिवस

गावातल्या महिला सामुदायिक स्वास्थ्य स्वयंसेविका हा तुमचा खरा आधार. आपल्या आशाताईंसारख्या, पण त्यांच्याही आधीपासून, १९८८ पासून त्या काम करतायत. कुणाला बीपी आहे, कोण गरोदर आहे, कुणाचा नवरा परगावी आहे, सगळं त्यांना ठाऊक असतं. आदल्या आठवड्यात त्यांच्याकडून यादी करून घ्या आणि रोजचे आकडे ठरवून द्या. "सगळ्यांना बघू" असं जाहीर केलंत तर तीन तास चालत आलेली माणसं संध्याकाळी रिकामी परततात.

नोंदणीच्या टेबलावर पहिला प्रश्न "खाना खानुभयो?" असा असू द्या. तो तिथला रामरामच आहे, पण इथे त्याचं खरं उत्तर हवं असतं. पहाटेपासून उपाशी चालत आलेला माणूस इंजेक्शनच्या सुईपुढे चक्कर येऊन पडतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त झालेला अपघात हाच. उपाशी असेल तर आधी जेवायला पाठवा.

मग रक्तदाब. १८०/११० किंवा वर असेल तर दात काढायचा नाही, औषधोपचाराला चौकीत पाठवायचं. मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण, ॲलर्जी विचारायचं. मुलांचं वजन काट्यावर घ्यायचं, अंदाजाने नाही. लिग्नोकेनची मुलांसाठीची मर्यादा किलोला ४.४ मिलिग्रॅम आहे. १५ किलोच्या मुलाला होतात ६६ मिलिग्रॅम. २ टक्के द्रावणाच्या १.८ मिलीच्या एका कार्ट्रिजमध्ये ३६ असतात, म्हणजे दोन पूर्ण कार्ट्रिजही बसत नाहीत. बाटलीतून भरून घेत असाल तर तीन मिलीला थांबा. दिवसाला तीस मुलं बघताना हा हिशेब डोक्यात राहत नाही, तक्ता करून खुर्चीमागे लावा. ॲड्रिनॅलिन, ग्लुकोज आणि ऑक्सिजन हाताशी ठेवा.

खुर्ची म्हणजे भिंतीला टेकवलेली प्लॅस्टिकची खुर्ची, मानेमागे उशी. तोंडातलं पाणी-रक्त ओढून घेणारं सक्शन नसतं, म्हणून पेशंटला आडवं झोपवू नका. दात काढल्यावर गॉज चावून अर्धा तास समोर बसवा. रक्त थांबल्याचं बघितल्याशिवाय डोंगर चढायला सोडू नका. मुळाचा तुकडा राहिला तर लपवू नका, कार्डावर लिहा.

कार्ड दोन प्रतींत करा: एक पेशंटला, एक स्वास्थ्य चौकीला. दाताचा क्रमांक, दिलेली भूल, औषध, आणि जवळच्या माणसाचा फोन. मुलांचे फोटो काढताना पालकांना विचारा. रडणाऱ्या मुलाचा फोटो काढूच नका.

दात कधी काढायचे

पहिल्या दोन दिवसांत. शिबिर सहा दिवसांचं असेल तर तिसऱ्या दिवशी फक्त अगदी ठणकणारे दात, आणि चौथ्यापासून दात काढणं बंद. मग एआरटी, सिल्व्हर, शाळा. अशाने पहिल्या दिवशी दाढ काढलेल्या माणसाचा चौथा दिवस तुम्ही गावात असतानाच येतो. पहिल्या वर्षी आम्ही उलटं केलं होतं. आधी शाळा घेतल्या, कारण मुलं सोपी, आणि दात काढायचे शेवटच्या दोन दिवसांवर ढकलले. परतल्यावर आठवडाभर फोन येत राहिले आणि इथे बसून मी काहीच करू शकत नव्हते.

शेवटच्या दिवशी ठणकत आलेल्या माणसाला काय सांगायचं? वेदनाशामक आणि गरज असेल तर प्रतिजैविक द्या, पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी द्या, जायच्या भाड्याची सोय संस्थेच्या पैशांतून करा. गाल सुजून डोळ्यापर्यंत किंवा मानेत उतरला असेल, तोंड उघडत नसेल, गिळता येत नसेल, तर तो चिठ्ठीचा विषय नाही. गाडी काढा आणि धनगढीच्या सेती प्रादेशिक रुग्णालयात पाठवा.

चौकीतल्या अनमीला आणि आरोग्य सहायकाला पहिल्या दिवसापासून शेजारी बसवा. ड्राय सॉकेट दिसतं कसं, खड्डा कोमट मिठाच्या पाण्याने कसा धुवायचा, रक्त थांबत नसेल तर गॉज किती वेळ दाबायचा, एवढं त्यांना स्वतःच्या हाताने करता आलं पाहिजे. निघताना सिरिंज, गॉज, हातमोजे आणि ड्रेसिंग त्यांच्या कपाटात ठेवा, शिबिराच्या बॅगेत परत आणू नका.

टूथब्रश वाटप फोटोला छान दिसतं. पण ब्रश तीन महिन्यांत झिजतो आणि मोफत आलेली पेस्ट त्याआधी संपते. गावातल्या दुकानात जा, पेस्टचं खोकं उलटून वाचा. १००० ते १५०० पीपीएम फ्लोराइड लिहिलेली, सगळ्यात स्वस्त कुठली ते शोधा आणि शाळेत तिचंच नाव सांगा. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यावरच्याला वाटाण्याएवढी. थुंकायचं, पण चूळ भरून टाकायची नाही. त्याच दुकानात मुलं शाळेत जाता-येता कोरडी शेवई आणि बिस्किटं खातात. त्यावर व्याख्यान देऊन फार उपयोग होत नाही. मुख्याध्यापकांशी मधल्या सुट्टीच्या खाऊबद्दल बोलून थोडा होतो.

परतल्यावर

दात काढलेल्या प्रत्येकाला, ज्या दिवशी काढला त्याच्या चौथ्या दिवशी फोन. तुम्ही करू नका, स्वयंसेविकेने करावा, नेपाळीतून. रिचार्जचे पैसे आधीच देऊन ठेवा. तीनच प्रश्न: दुख्छ? सुन्नियो? पिप आयो? कुणी एकाचंही हो म्हटलं तर अनमीकडे, आणि तिथून तुम्हाला निरोप.

पालिकेला आणि यजमान संस्थेला आकडे पाठवा: किती पेशंट बघितले, किती दात काढले, किती भरले, किती जणांना पुढे पाठवलं आणि त्यातले किती खरंच पोचले. शेवटचा आकडा नेहमी लहान निघतो. तोही पाठवा.

सामानाची यादी घरी पोचल्यावर त्याच आठवड्यात दुरुस्त करा, पुढच्या वर्षी काही आठवत नाही. काय कमी पडलं, काय उगाच वाहून नेलं. माझ्या पहिल्या यादीच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिलेलं अजून आहे: थुंकायच्या बादल्या दुप्पट. झाकणासह.